विधेयक पास झालं म्हणजे कायदा झाला का? (राज्यपाल, राष्ट्रपती आणि 'शक्य तितक्या लवकर')

कोरा_कागद

बरेच दिवस हा धागा काढायचा होता. आमच्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणारी मुलं येतात, त्यांना मी रविवारी राज्यघटना शिकवतो. मागच्या रविवारी एका मुलीने विचारलं, "सर, शक्ती कायदा (स्त्रिया आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारा) आपल्याकडे लागू आहे ना?" आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी हो म्हणून माना हलवल्या. चूक त्यांची नाहीच. डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभा आणि विधानपरिषद दोन्हीकडे ते विधेयक एकमताने पास झालं, टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं, त्यानंतर काय झालं हे कुठे फारसं आलंच नाही. त्यानंतर ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि ती संमती काही मिळाली नाही. मधल्या काळात ज्या भारतीय दंड संहितेत दुरुस्ती करायची होती ती संहिताच गेली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. म्हणजे ज्या भिंतीवर खिळा ठोकायचा होता ती भिंतच राहिली नाही.

तर माझा मुद्दा असा की आपण शाळेत "कायदेमंडळ कायदे करतं" एवढंच शिकतो, पण आपल्या घटनेत कायदा करणं आणि कायदा अडवणं या दोन वेगळ्या ताकदी आहेत आणि त्या वेगवेगळ्या हातात दिलेल्या आहेत. आणि गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, "व्हेटो" हा शब्द घटनेत कुठेच नाही. नकाराधिकार म्हणून वेगळं कलम नाही. तो कुठे लपलाय ते शोधावं लागतं.

आधी वाटणी कशी आहे ते थोडक्यात. सातव्या अनुसूचीत तीन याद्या. संघसूची, राज्यसूची, समवर्ती सूची. मूळ घटनेत ९७, ६६ आणि ४७ विषय होते. जे कुठेच नाही ते कलम २४८ प्रमाणे संसदेकडे. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन राज्याकडे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन केंद्राकडे. फौजदारी कायदा, लग्न-घटस्फोट, वीज, शिक्षण, जंगल हे समवर्ती, दोघांनाही कायदा करता येतो. यातले शिक्षण आणि जंगल मुळात राज्यांकडे होते, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने समवर्तीत नेले.

खरी गोची समवर्तीत आहे. दोघांचे कायदे एकमेकांच्या विरोधात गेले तर केंद्राचा टिकतो, हे कलम २५४ चं पहिलं उपकलम. पण दुसऱ्या उपकलमात एक खिडकी ठेवलीय, राज्याचा कायदा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवला आणि त्यांनी संमती दिली तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. (संसद नंतर पुन्हा कायदा करून तोही बदलू शकते, ते वेगळं.)

आता याच वाटेने दिल्लीला गेलेली आपल्याच महाराष्ट्राची तीन विधेयकं बघा.

बैलगाडा शर्यत. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा केंद्राचा, १९६० चा. २०१७ मध्ये आपल्या विधिमंडळाने त्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली आणि त्याच वर्षी राष्ट्रपतींची संमती आली. पुढे कोर्टात लढाई झाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती कायम केली.

प्राणी रक्षण दुरुस्ती विधेयक, म्हणजे बैल आणि वळूंच्या कत्तलीवरची बंदी. १९९५ मध्ये पास. संमती आली २०१५ मध्ये. मधे राज्यात किती सरकारं बदलली, केंद्रात किती पंतप्रधान झाले. त्या विधेयकाबद्दल कुणाचं मत काहीही असो, तो वाद इथे नको, मी फक्त तारखांबद्दल बोलतोय.

आणि तिसरं शक्ती.

घटना एकच, वाट एकच. एकाला काही महिने, एकाला जवळपास वीस वर्षं, एकाला उत्तरच नाही. हे का होतं, आणि असं व्हावं का, यावर मला तुम्हा सगळ्यांचं मत हवंय.

---

पारावरचा

चांगला धागा. सर, एक प्रश्न, राष्ट्रपती तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात ना? मग "राष्ट्रपतींनी संमती दिली नाही" म्हणजे नक्की कोणी दिली नाही?

---

कोरा_कागद

@पारावरचा, हाच तर मुद्दा आहे. ७४ व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काम करतात, ४२ व्या दुरुस्तीने तो सल्ला स्पष्ट बंधनकारक केला, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने एकदा फेरविचाराला परत पाठवायची मुभा दिली, पण तोच सल्ला पुन्हा आला की मानावाच लागतो. म्हणजे राज्याचं विधेयक राष्ट्रपतींकडे गेलं की प्रत्यक्षात ते केंद्रीय गृहमंत्रालयात जातं, तिथून ज्या ज्या खात्यांचा संबंध आहे त्यांच्याकडे अभिप्रायाला फिरतं. राज्याने केलेल्या कायद्यावर केंद्र सरकारचा नकाराधिकार असं सरळ म्हटलं तरी चालेल.

---

शाईपेन

थोडी भर घालते. मी वकिली करते, पण हे सगळं कोर्टातल्या कामापेक्षा आवडीने वाचलेलं आहे.

राष्ट्रपती दोन वेगळ्या टोप्या घालतात आणि लोक त्या एकच समजतात.

पहिली टोपी, संसदेने पास केलेलं विधेयक. १११ वं कलम. संमती द्या, रोखून धरा किंवा (धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक नसेल तर) एकदा परत पाठवा. संसदेने पुन्हा पास केलं, बदल करून किंवा न करता, की संमती रोखता येत नाही. २००६ मध्ये डॉ. कलाम यांनी लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं, दोन्ही सभागृहांनी जसंच्या तसं पुन्हा पास केलं, आणि त्यांना सही करावी लागली. इथे शेवटचा शब्द संसदेचा.

दुसरी टोपी, राज्याचं विधेयक. २०१ वं कलम. राष्ट्रपतींनी परत पाठवलं तर राज्याच्या विधिमंडळाने सहा महिन्यांत फेरविचार करायचा, पुन्हा पास केलं तर पुन्हा राष्ट्रपतींकडे जायचं, आणि बस्स. तिथे "संमती रोखता येणार नाही" हे वाक्यच नाही! म्हणजे राज्याने तीनदा, चारदा पास केलं तरी राष्ट्रपती बांधलेले नाहीत. गुजरातचं संघटित गुन्हेगारीविरोधी विधेयक २००३ पासून फिरत होतं, २००४ मध्ये कलाम यांनी फोन टॅपिंगची तरतूद काढा म्हणून परत पाठवलं, नंतरही परत आलं, शेवटी २०१५ च्या विधेयकाला २०१९ मध्ये संमती मिळाली. आणि ज्याच्यावरून ते बेतलं होतं तो आपला मोक्का १९९९ चा, त्यात संवाद टॅप करण्याची तरतूद होती आणि तो संमती घेऊन केव्हाच लागू झाला होता. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोक्कातल्या त्या तरतुदी वैधही ठरवल्या. एकाच धाटणीचा कायदा, एका राज्यात चालतो, शेजारच्या राज्याला पंधरा वर्षं थांबावं लागतं. कोरा_कागद यांच्या तीन उदाहरणांत हे चौथं.

---

रानवारा

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. राष्ट्रपतींची संमती लागते हे बरोबरच आहे. समवर्ती विषयात प्रत्येक राज्याने आपापला फौजदारी कायदा करायचा म्हटलं तर एकाच गुन्ह्याला नागपुरात एक शिक्षा आणि पलीकडे छिंदवाड्यात दुसरी. शक्ती विधेयकात फाशीची तरतूद होती, तपासाचे दिवस कमी केले होते, त्यावर अनेक स्त्री संघटनांनीच हरकत घेतली होती. विधिमंडळात भावनेच्या भरात एकमताने काहीही पास होतं, कुणीतरी दुसऱ्यांदा बघायला हवंच ना. व्हेटो म्हणजे वाईट असं का गृहीत धरायचं?

---

कोरा_कागद

@रानवारा, रागावायचं काय त्यात, हा मुद्दा मी वर्गात स्वतःच मांडतो. दुसऱ्यांदा बघणारा हवा, शंभर टक्के. माझी तक्रार "नाही" म्हणण्याबद्दल नाहीये. "नाही" म्हणा, कारण लिहा, विधेयक परत पाठवा, विधिमंडळात त्यावर चर्चा होईल, फाशीचं कलम काढून बाकीचं ठेवता येईल, लोकांना कळेल काय चुकलं ते. माझी तक्रार गप्प बसण्याबद्दल आहे. नकाराला उत्तर देता येतं, गप्प बसण्याला काय उत्तर देणार? आणि आपल्या घटनेत सगळ्यात ताकदवान व्हेटो हा गप्प बसण्याचा आहे असं माझं ठाम मत झालंय.

---

अर्धविराम

पॉकेट व्हेटो म्हणतात तो हाच ना? राष्ट्रपती झैलसिंगांचं टपाल विधेयक परीक्षेत हमखास येतं. १९८६ मध्ये संसदेने भारतीय टपाल दुरुस्ती विधेयक पास केलं, सरकारला लोकांची पत्रं अडवायचे मोकाट अधिकार मिळत होते, झैलसिंगांनी ना सही केली ना परत पाठवलं. घटनेत राष्ट्रपतींना मुदत नसल्यामुळे ते तसंच राहिलं, पुढचे राष्ट्रपती व्यंकटरामन यांनी १९९० मध्ये ते फेरविचारासाठी परत पाठवलं आणि कित्येक वर्षांनी सरकारने मागे घेतलं.

पण इथे गप्प बसणं जनतेच्या बाजूने होतं हेही लक्षात घ्या! वाजवी मुदत असती तर झैलसिंगांना सही करावी लागली असती. परत पाठवलं असतं तर त्या वेळच्या प्रचंड बहुमताने दोन दिवसांत पुन्हा पास झालं असतं.

अमेरिकेत बघा, तिथे राष्ट्राध्यक्षांना रविवार सोडून दहा दिवस. दहा दिवसांत काही केलं नाही तर आपोआप कायदा होतो. फक्त त्या दहा दिवसांत काँग्रेसचं अधिवेशन संपलं तर विधेयक मरतं, तिथला पॉकेट व्हेटो तेवढाच. आणि सरळ नाकारलं तर दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांशांनी तो नकार उलथवायचा. आपल्याकडे साध्या बहुमताने उलथतो, पण मुदत नाही. त्यांच्याकडे मुदत आहे पण उलथवणं महाकठीण.

---

नवखी

इथे पहिल्यांदाच लिहितेय. कोणीतरी राज्यपालांचं सोपं करून सांगाल का? पेपरमध्ये तमिळनाडूचं इतकं आलं, पहिल्यांदा कोर्ट म्हणालं तीन महिने, मग कोर्टच म्हणालं मुदत नाही, मला काहीच झेपलं नाही 🙏

---

शाईपेन

@नवखी, सांगते, थोडं लांब होईल.

२०० वं कलम. विधिमंडळाने पास केलेलं विधेयक राज्यपालांकडे जातं. ते संमती देतील, किंवा रोखल्याचं जाहीर करतील, किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवतील. त्याखाली परंतुक (म्हणजे जोडलेली अट) आहे, की "शक्य तितक्या लवकर" विधेयक संदेशासह परत पाठवता येईल, आणि विधिमंडळाने पुन्हा पास केलं तर राज्यपालांना संमती रोखता येणार नाही.

आता सगळा वाद कुठे? एक, नुसतं "रोखलं" म्हणून विधेयक मारून टाकता येतं का, परत न पाठवता? दोन, "शक्य तितक्या लवकर" म्हणजे किती?

पहिल्याचं उत्तर नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाबच्या खटल्यात आलं. रोखायचं असेल तर परत पाठवावंच लागेल, निवडून न आलेल्या राज्यपालांना विधेयक परस्पर मारता येणार नाही.

मग तमिळनाडू. राज्यपालांनी दहा विधेयकांची संमती रोखली, विधानसभेने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती दहाही पुन्हा पास केली, आता खरं म्हणजे सही करायला हवी होती, पण राज्यपालांनी ती राष्ट्रपतींकडे पाठवून दिली. ८ एप्रिल २०२५ ला दोन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं हे चूक, विधेयकं पुन्हा आल्यावर राखून ठेवता येत नाहीत. आणि पुढे जाऊन १४२ व्या कलमाखाली (पूर्ण न्यायासाठी सुप्रीम कोर्टाला दिलेला खास अधिकार) ती दहा विधेयकं संमत झाली असं धरा म्हटलं, शिवाय राज्यपालांना एक ते तीन महिने आणि राष्ट्रपतींना तीन महिने अशा मुदती घातल्या.

यावर मे २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी १४३ व्या कलमाखाली सुप्रीम कोर्टाला १४ प्रश्न विचारले. सरन्यायाधीश गवई यांच्या पाच जणांच्या पीठाने २० नोव्हेंबर २०२५ ला मत दिलं. घटनेत मुदत लिहिलेली नाही, कोर्ट ती घालू शकत नाही. "संमती मिळाली असं धरा" हेही चालणार नाही. पण राज्यपालांना नुसतं रोखून बसता येणार नाही, परत पाठवावं लागेल किंवा राष्ट्रपतींकडे पाठवावं लागेल. आणि फार काळ, कारण न देता, काहीच केलं नाही तर कोर्ट एवढंच सांगू शकतं की निर्णय घ्या. काय निर्णय घ्या हे सांगू शकत नाही.

म्हणजे नवखी, तुम्ही दोन्ही बातम्या बरोबरच वाचल्या होत्या :)

---

नवखी

खूप खूप आभार ताई! पहिल्यांदा नीट कळलं. पण मग "फार काळ" म्हणजे किती? ते परत तिथेच आलं ना?

---

कोरा_कागद

@नवखी, बरोबर बोट ठेवलंत. परत तिथेच आलं.

आणि यात मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की घटना लिहिणाऱ्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं असं नाही. राष्ट्रपतींच्या संमतीबद्दलच्या मसुद्यात (तेव्हा ते ९१ वं कलम होतं) चक्क "सहा आठवड्यांच्या आत" असं लिहिलेलं होतं. १९४९ मध्ये संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती आणून त्याऐवजी "शक्य तितक्या लवकर" घातलं. ह. वि. कामत यांनी त्याला विरोध केला होता, निश्चित मुदत काढून असा मोघम शब्द घालू नका असं त्यांचं म्हणणं. मी बाबासाहेबांचा भक्त माणूस आहे, त्यांच्या बाजूने विचार करून बघितला, तर मला वाटतं त्यांना सहा आठवडेही जास्त वाटत असतील, "शक्य तितक्या लवकर" म्हणजे त्याहून लवकर, असा त्या शब्दांचा सरळ अर्थ आहे. पदावर बसलेला माणूस या शब्दांचा अर्थ "मला वाटेल तेव्हा" असा लावेल हे गृहीत धरून ते लिहिलेलं नाही. त्या वादात कामतांचं ऐकायला हवं होतं असं आज वाटतं.

---

पारावरचा

एकदम पटलं. आमच्या गावाकडे ग्रामसेवकाला पण अर्ज निकाली काढायला दिवस ठरवून दिलेत, सेवा हमी कायदा २०१५ चा. दिवस उलटले तर अपील करता येतं, दंड बसतो. मग जितकं पद मोठं तितकी मुदत ढिली हे कसं काय.

---

रानवारा

@पारावरचा, दाखला आणि विधेयक यात फरक आहे हो. पण मान्य, मुदत हवी. मी फक्त म्हणतो ती कोर्टाने घालू नये, घटनादुरुस्ती करून घालावी. केंद्र-राज्य संबंधांवर नेमलेल्या सरकारिया आयोगाने आणि पुंछी आयोगाने दोघांनीही मुदत सुचवली होतीच की. संसदेने मनावर घेतलं तर एका अधिवेशनाचं काम आहे. दोन तृतीयांश बहुमत लागेल, आणि २०० आणि २०१ ही कलमं निम्म्या राज्यांची मान्यता लागणाऱ्या कलमांच्या यादीत नाहीत, म्हणजे तीही लागणार नाही. अडचण एवढीच की केंद्रात जो बसतो त्याला ही ढिलाई सोयीची असते, मग पक्ष कुठलाही असो.

---

कोरा_कागद

@रानवारा, शेवटच्या वाक्याला माझे दोन्ही हात वर.

---

मधली_सुट्टी

सगळे राज्यपाल आणि राष्ट्रपतींवरच अडकलात, दुसऱ्या सभागृहाचा व्हेटो कोणी काढलाच नाही. आपल्या विधानपरिषदेला खरं तर व्हेटो नाहीच. १९७ वं कलम. विधानसभेने पास केलेलं विधेयक परिषद पहिल्यांदा तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना थांबवू शकते, मग विधानसभेने पास केलं तसं ते पास झालं असं धरलं जातं. ७८ आमदार, चार महिने, संपलं. राज्यात संयुक्त बैठक नावाचा प्रकारच नाही. आंध्रात २०२० मध्ये तीन राजधान्यांचं विधेयक परिषदेने अडवलं तर विधानसभेने थेट परिषदच बरखास्त करायचा ठराव केला होता (पुढे २०२१ मध्ये तो मागे घेतला).

राज्यसभेचं तसं नाही. साधं विधेयक असेल तर राज्यसभा अडवू शकते आणि मग संयुक्त बैठक, जी आजवर तीनदाच झाली, १९६१ हुंडा प्रतिबंधक, १९७८ बँक सेवा आयोग, २००२ पोटा (दहशतवादविरोधी कायदा). धन विधेयक असेल तर राज्यसभेला फक्त १४ दिवस. म्हणूनच "हे धन विधेयक आहे" हा लोकसभा अध्यक्षांचा दाखला फार मोठी ताकद आहे, आधार कायदा २०१६ मध्ये तसाच गेला, २०१८ मध्ये कोर्टाने चार विरुद्ध एक मान्य केला, न्या. चंद्रचूडांनी विरोधी निकालपत्रात त्याला घटनेशी केलेली लबाडी म्हटलं.

आणि घटनादुरुस्ती असेल तर राज्यसभेचा व्हेटो पूर्ण! तिथे संयुक्त बैठक चालत नाही. १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करायचं विधेयक राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ ने पडलं, दोन तृतीयांशाला एक मतही नीट कमी नव्हतं, मताचा अपूर्णांक कमी होता. तनखे पुढच्या वर्षी २६ व्या दुरुस्तीने गेले.

---

अर्धविराम

@मधली_सुट्टी, मस्त माहिती. मग जीएसटी परिषदही यात घ्या ना. २०१६ च्या १०१ व्या दुरुस्तीने आलेली. मताचं वजन केंद्राला एक तृतीयांश, सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. आता गणित करा. सगळी राज्यं एकत्र आली, एकूण एक, तरी ६६.६७ टक्के, ७५ होत नाहीत. म्हणजे केंद्र एकटं काहीही अडवू शकतं. घटनेत व्हेटो हा शब्द न वापरता इतका स्वच्छ व्हेटो दुसरीकडे कुठे नसेल. २०२२ मध्ये कोर्टाने सांगितलं की परिषदेच्या शिफारशी संसदेवर आणि विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, पण व्यवहारात बाहेर पडून कोण वेगळा दर लावणार.

---

कोरा_कागद

हे गणित उद्याच फळ्यावर लिहितो, धन्यवाद.

वाटणीच्या बाबतीत अजून एक सांगायचं राहिलं, कारण आपल्या राज्यात त्यावरून रस्ते भरले होते. अधिकार कोणाचा हा प्रश्न कधी कधी कुणी कुणाचं विधेयक अडवल्याशिवायही उभा राहतो. २०१८ मध्ये १०२ वी घटनादुरुस्ती झाली, राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनेत जागा मिळाली. त्याच वर्षी आपल्या विधिमंडळाने मराठा आरक्षणाचा कायदा केला. ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, त्याला ५० टक्क्यांच्या मर्यादेसकट इतर कारणं होती, पण एक मोठं कारण असं की १०२ व्या दुरुस्तीनंतर मागास वर्ग ठरवायचा अधिकार राज्याकडे उरलाच नाही, असा बहुमताने अर्थ लावला गेला. संसदेत ती दुरुस्ती पास करताना राज्यांचा अधिकार जात नाही असं सरकारने सांगितलं होतं. पण शब्द जसे लिहिले होते तसे वाचले गेले. मग ऑगस्ट २०२१ मध्ये १०५ वी दुरुस्ती करून तो अधिकार राज्यांना परत द्यावा लागला. शब्द किती जपून लिहावे लागतात याचं मला यापेक्षा मोठं उदाहरण माहीत नाही. "शक्य तितक्या लवकर" हेही शेवटी चार शब्दच आहेत... तीन म्हणा.

---

उंबरठा

धागा वाचतोय सकाळपासून, एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. दोन्ही सभागृहं झाली, राष्ट्रपतींची संमती झाली, राजपत्रात छापून आलं, तरी कायदा लागू नसू शकतो. बऱ्याच कायद्यांच्या पहिल्याच कलमात लिहिलेलं असतं की शासन अधिसूचनेने ठरवेल त्या तारखेपासून अंमलात येईल. ती तारीख शासनाने ठरवलीच नाही तर?

दिल्ली भाडे कायदा १९९५ चा. संसदेने पास केला, त्याच वर्षी राष्ट्रपतींची सही झाली. व्यापारी भाडेकरूंनी विरोध केला आणि तारीख आजतागायत जाहीर झाली नाही. त्याहून वाईट म्हणजे ४४ वी घटनादुरुस्ती, १९७८. आणीबाणीतल्या अटकांचा अनुभव ताजा होता म्हणून सल्लागार मंडळाच्या मताशिवाय प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणणारं एक कलम त्यात घातलं. बाकीची दुरुस्ती लागू झाली, हे एक कलम अजून लागू व्हायचंय. संसद, राज्यं, राष्ट्रपती सगळ्यांनी हो म्हटलेली घटनेतली दुरुस्ती. सुप्रीम कोर्टात हा विषय गेला होता तेव्हा डिसेंबर १९८१ मध्ये बहुमताने कोर्टाने सांगितलं की तारीख काढायचा आदेश आम्ही सरकारला देऊ शकत नाही.

---

शाईपेन

@उंबरठा, बरोबर, ए. के. रॉय खटला. हे या धाग्यात यायलाच हवं होतं.

---

कोरा_कागद

@उंबरठा, हे वाचून दोन मिनिटं तसाच बसून राहिलो. मी मुलांना चार दारं शिकवत होतो, दोन सभागृहं, राज्यपाल, राष्ट्रपती. पाचवं दार मंत्रालयाच्या आतच आहे हे शिकवायचं राहून गेलं. आणि तिथेही तेच, नकार कुणी देत नाही, फक्त तारीख येत नाही.

---

नवखी

शेवटचा प्रश्न विचारते. मग एखादा कायदा खरंच लागू आहे का हे माझ्यासारखीने बघायचं कसं? बातमीवर तर विश्वास ठेवता येत नाही आता.

---

कोरा_कागद

@नवखी, शासनाच्या राजपत्राची साइट आहे, तिथे अधिनियम शोधायचा. वर क्रमांक असतो, अमुक वर्षाचा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक अमुक. क्रमांकच नसेल आणि "विधेयक क्रमांक" असेल तर तो अजून कायदा नाही. क्रमांक असेल तर त्याच्याखालची ओळ वाचायची, तिथे राज्यपालांची की राष्ट्रपतींची संमती मिळाली ते आणि राजपत्रात छापल्याची तारीख असते. मग पहिलं कलम उघडायचं आणि "अंमलात येईल" हे शब्द कुठे आहेत ते बघायचं. तिथे तारीख असेल किंवा लगेच लागू असं असेल तर झालं. "शासन अधिसूचनेद्वारे ठरवील" असं असेल तर ती अधिसूचना वेगळी शोधायची, आणि ती सापडेपर्यंत कायदा लागू झाला असं म्हणायचं नाही.

रविवारी वर्गात आम्ही शक्ती विधेयकापासून सुरुवात करणार आहोत. मुलीने विचारलेला प्रश्न मी तसाच फळ्यावर लिहिणार आणि उत्तर त्यांनाच राजपत्रातून शोधायला लावणार. कोणाला यायचं असेल तर व्यनि करा.